बॅगेचा मूळ रंग

झालं होतं एवढंच, की बॅगेवर बुरशी आली होती आणि सूनबाईने ती बाळाच्या ओल्या वाइप्सनी पुसली.

पुढच्या दहा दिवसांत जे काही घडलं त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, समोरच्या काकू, दोन डझन केळी, सोळा रकान्यांचा एक फॉर्म आणि मुंग्यांची एक आख्खी पलटण सामील झाली. पण मुळात आपण केलं ते एवढंच, हे सूनबाई आजही छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे.

आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही. ज्या घरात आठ महिन्यांचं मूल असतं त्या घरात ओला वाइप हे नुसतं बाळ पुसायचं साधन राहत नाही, ती एक जीवनपद्धती होते. त्याने टेबल पुसतात, रिमोट पुसतात, चष्मा पुसतात. एकदा तर नवऱ्याने घाईघाईत स्वतःचे बूट पुसून ऑफिस गाठलं होतं आणि दिवसभर त्याच्या पायांना तान्ह्या बाळाचा वास येत होता. शिवाय पाकिटावर स्पष्ट छापलं होतं, ‘नाजूक त्वचेसाठी’. चामडं म्हणजे तरी काय, शेवटी त्वचाच. या तर्कात खोट काढायला कुठेही जागा नाही.

बॅग सासूबाईंची होती.

हे वाक्य इथेच संपवता आलं असतं, कारण ज्यांना सासू आहे त्यांना एवढ्यावर घाम फुटेल. पण ही बॅग साधीसुधी नव्हती. गडद तपकिरी, अर्धचंद्राच्या आकाराची झडप, पितळी खटका. खटका लावला की ‘टक्’ असा आवाज व्हायचा, आणि तो ऐकून नोंदणी कार्यालयातली माणसं म्हणे खुर्चीत सरळ बसायची. अठ्ठावीस वर्षं सासूबाई ती खांद्याला लावून त्या कार्यालयात गेल्या. नणंदेने ती तीनदा मागितली होती, कॉलेजला जाताना, नोकरी लागल्यावर आणि लग्नात. तिन्ही वेळा सासूबाईंनी ‘नाही’ एवढंच उत्तर दिलं. सासूबाई मुळातच कमी बोलत. त्यांच्या तोंडून एखाद्याची स्तुती ऐकल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं.

अशा सासूबाईंनी तीन महिन्यांपूर्वी ती बॅग सूनबाईच्या हातात ठेवली.

“कामावर परत जाशील त्या दिवशी हीच ने,” त्या म्हणाल्या. “मी येईनच ठकूला सांभाळायला. माझ्यासमोर खांद्याला लावून निघ. ओली करू नकोस. पुसायची झाली तर कोरड्या फडक्याने, तेही मला विचारून.”

सूनबाईने ती जपून ठेवायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड घट्ट बांधून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. चामड्याला हवा लागते ही गोष्ट तिला पुढे कळायची होती. सोमवारी कामावर रुजू व्हायचं, रविवारी सासूबाई-सासरे यायचे, त्याच्या दहा दिवस आधी तिने पिशवी उघडली. बॅगेला पांढरी लव फुटली होती.

आता, फोन करून विचारता आलं असतं. पण काय विचारणार? ‘आई, तुमच्या बॅगेवर माझ्या कपाटात बुरशी आलीय, तर कोरड्या फडक्याने पुसू का?’ आणि इथे फक्त बॅगेचा प्रश्न नव्हता. ठकू झाल्यापासून आठ महिन्यांत सूनबाईने एकही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली नव्हती. चहा अर्धा, आंघोळ अर्धी, वेणी अर्धी. वाक्यंसुद्धा ‘अरे, ते जरा...’ इथपर्यंत यायची आणि पुढचं रडण्यात बुडून जायचं. सोमवारी ती ऑफिसात जाणार होती, जिथे लोक तिच्याकडून पुऱ्या झालेल्या गोष्टींची अपेक्षा करणार होते. त्याआधी एक तरी काम आपल्या हाताने तडीला न्यायचं, आणि ते नेमकं सासूबाईंच्या डोळ्यांत भरेल असं, हे तिने मनात पक्कं केलं.

ठकू दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. त्या चाळीस मिनिटांत सूनबाई कामाला लागली.

पहिला वाइप पांढरा झाला. दुसरा करडा. तिसरा तपकिरी. ‘काय मळ आहे!’ असं म्हणत तिने हुरूपाने चौथा, पाचवा, सहावा घेतला. आठव्या वाइपला तिला वाटलं आपला हात कापला. तिने दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. हात धड होते. बॅगेवर मात्र तळहाताएवढा डाग होता, लाल. लाल म्हणजे लालभडक, सोललेल्या गुडघ्यासारखा.

बॅगेची कातडी निघाली, असंच तिला वाटलं. इतक्यात ठकू उठली.

संध्याकाळी नवऱ्याने डाग पाहिला आणि म्हणाला, “छान दिसतंय की.”

“काय छान दिसतंय?”

“म्हणजे... लाल.”

“आईंची बॅग तपकिरी आहे.”

“हो, ते आहेच,” तो म्हणाला, आणि प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तपकिरी मार्कर घेऊन आला. मार्करवर ‘कायम’ असं लिहिलेलं होतं आणि या एका बाबतीत कंपनी खोटं बोलली नव्हती. दिव्याखाली डाग झकास दिसेनासा झाला. सकाळी उजेडात पाहिलं तर हिरवा होता.

“अगं, पण लाल तर नाही ना राहिला?” नवरा म्हणाला. संसारात काही वाक्यं अशी असतात की ती ऐकून न ऐकल्यासारखी केली म्हणूनच संसार टिकतात.

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. त्यांची शाळा सुटली होती पण तास संपला नव्हता. वर्तमानपत्र मागायला खाली आले आणि टेबलावर बॅग पाहताच त्यांनी चष्मा लावला.

“हे साधं रसायनशास्त्र आहे,” सर म्हणाले. “चामडं म्हणजे काय? प्रथिन. बुरशी म्हणजे काय?”

“सजीव,” सूनबाई म्हणाली. आपोआप उभीच राहिली होती ती.

“शाबास. सजीवाला आम्ल सोसत नाही. व्हिनेगर लाव. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर.”

“आणि मार्करचा डाग?”

“तो आपल्या अभ्यासक्रमात नाही,” सर म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन गेले.

व्हिनेगरने बुरशी गेली, हे सरांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. डाग मात्र तळहाताएवढा होता तो ताटाएवढा झाला, आणि घरात असा वास सुटला की ठकूने जन्मात पहिल्यांदा नाक मुरडून कुणाबद्दल तरी स्पष्ट मत दिलं. त्या वासामागोमाग समोरच्या काकू आल्या. काकूंचा सरांवर राग होता, कारण सरांनी एकदा सोसायटीच्या सभेत त्यांना ‘बसा’ म्हटलं होतं.

“त्यांचं काय ऐकतेस? ते जन्मभर फळ्यावर खडू घासत बसले,” काकू म्हणाल्या. “चामड्याला स्निग्धपणा लागतो. केळ्याची साल घे, आतल्या बाजूने घास. आमच्या ह्यांची चामडी बॅग मी अशीच टिकवली.”

“आहे अजून?”

“नाही गं, हरवली. पण हरवली तेव्हा चकाकत होती.”

साल ताजीच लागते, असं काकूंचं म्हणणं. एका सालीने बोटभर बॅग होते. हिशेब साधा होता; दोन डझन केळी आली. सूनबाई साल घासत होती आणि आतलं केळं कुणीतरी खायचं म्हणून घरातले खात होते. नवऱ्याने नाश्त्याला खाल्ली, डब्यात नेली, तिसऱ्या दिवशी तो केळं म्हटलं की भिंतीकडे बघायला लागला. ठकूचं पोट फुगलं. बॅग खरोखर चकाकली. सकाळी ती हलत होती.

म्हणजे बॅग जागच्या जागीच होती, हलत होत्या मुंग्या. खटक्यातून शिरून आतल्या खिशातून बाहेर, अशी शिस्तीत दुहेरी वाहतूक सुरू होती. त्या घालवायला सूनबाईने बॅग गॅलरीत कडक उन्हात ठेवली. ठकूचं जेवण, ठकूचं पोट, ठकूची आंघोळ, ठकूची झोप. दुपारी आठवण झाली तेव्हा मुंग्या गेल्या होत्या आणि पट्टा वाळक्या फांदीसारखा ताठ झाला होता. तिने तो जरा वाकवला. ‘कट्’ असा आवाज झाला. ‘टक्’ नव्हे, ‘कट्’.

नेमका त्याच वेळी नणंदेचा फोन आला. नणंदेला या बाबतीत दैवी देणगी आहे.

“वहिनी, आईची बॅग कशी आहे गं?”

“आहे ना. मस्त आहे.”

“फोटो पाठव ना. मला तर कधी हातही लावू दिला नाही तिने. पट्टा मऊ आहे का गं अजून?”

सूनबाईने फोटो पाठवला. बॅगेची मागची बाजू अजून शाबूत होती, तेवढीच कॅमेऱ्यासमोर आली. पट्टा चौकटीबाहेर राहिला. उत्तरादाखल तीन बदाम आले आणि ते तिन्ही सूनबाईच्या काळजाला टोचले.

मग तिने सल्ले घेणं बंद केलं आणि सरकारदरबारी जायचं ठरवलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक ‘चर्मवस्तू दुरुस्ती व प्रशिक्षण केंद्र’ होतं. लांबलचक बैठी इमारत, लांबलचक व्हरांडा, व्हरांड्याच्या शेवटी एक खिडकी आणि खिडकीत एक गृहस्थ. ठकूला छातीशी बांधून, बॅग उशीच्या अभ्र्यात गुंडाळून सूनबाई खिडकीपुढे उभी राहिली. गृहस्थांनी सोळा रकान्यांचा फॉर्म पुढे सरकवला. वस्तूचा प्रकार, वस्तूचं वय, मूळ रंग, नुकसानीचं कारण. ‘मूळ रंग’पुढे तिने ‘तपकिरी’ लिहिलं. ‘नुकसानीचं कारण’पुढे बराच विचार करून ‘काळजी’ लिहिलं.

“मालक कोण?” गृहस्थांनी विचारलं.

“सासूबाई.”

“मग सही त्यांची लागेल.”

“त्या परगावी असतात.”

“संमतीपत्र मागवा.”

“अहो, त्यांना कळू द्यायचं नाहीये.”

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे वस्तू त्यांची, नुकसान तुमचं, दुरुस्ती आमची, आणि कळवायचं कुणालाच नाही.”

“बरोबर.”

“मॅडम, असा रकाना नाही आमच्याकडे.”

यावर सूनबाईला बरंच काही बोलायचं होतं. ती ‘अहो, पण ते जरा...’ इथपर्यंत आलीही होती. पण ठकूचा हात खिडकीच्या आत पोचला होता. तिने तिथला शिक्का उचलला, आधी चाटायला घेतला, ते जमेना म्हणून पूर्ण ताकदीने फॉर्मवर आपटला. फॉर्मवर निळ्या अक्षरांत उमटलं, ‘स्वीकारले’.

गृहस्थांनी फॉर्म उचलून उजेडात धरला.

“शिक्का पडला,” गृहस्थ शेवटी म्हणाले.

“पुसून देऊ? माझ्याकडे वाइप्स आहेत.”

“छे छे! शिक्का पडला की पडला,” गृहस्थ दचकून म्हणाले. त्यांनी दुःखी चेहऱ्याने फॉर्मवर क्रमांक घातला आणि बोटाने आतलं दार दाखवलं.

आत एक म्हातारे कारागीर होते. चष्मा कपाळावर, बोटं अक्रोडाच्या सालीसारखी. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. त्यांनी अभ्रा उघडला आणि बॅगेला हात लावायच्या आधी तिचा वास घेतला.

“व्हिनेगर,” ते म्हणाले.

सूनबाईने मान खाली घातली.

पुन्हा वास. “केळं.” मग त्यांनी बॅग उजेडात धरली. “आणि हा मार्कर?”

“नवऱ्याने.”

“हं,” उस्ताद म्हणाले. या एका हुंकारात त्यांनी समस्त नवरेजातीबद्दल जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. मग नखाने बॅग जराशी खरवडली, नखातलं बोटावर चोळून पाहिलं. “ताई, कातडी निघालेली नाही. हा तपकिरी रंगच नाही.”

“मग काय आहे?”

“पॉलिश आहे. बुटाचं. बॅग लालच आहे मुळात.”

“म्हणजे दुकानदाराने आईंना फसवलं!”

“दुकानदार एकदाच फसवतो. हे थर बघा. वर्षानुवर्षं कुणीतरी बसून, निगुतीने, एकावर एक लावलेत.” त्यांच्या आवाजात आदर होता. “चोख काम आहे. कुणी केलं?”

“मला काय माहीत?”

“मलाही नाही. मी चामडं बघतो, माणसं नाही.”

सूनबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. पॉलिश तर पॉलिश. दोन डब्या आणायच्या, थापायचं, रविवारपर्यंत बॅग पुन्हा तपकिरी. तिने तसं सांगितल्यावर उस्तादांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“मी चामड्याला खोटं बोलायला लावत नाही. हा मेणाचा थर काढावाच लागेल, नाहीतर पट्टा जुळणार नाही आणि महिन्याभरात सगळीच तडकेल. आणि दुसरं, इथे दुरुस्ती करून देत नाहीत. हे प्रशिक्षण केंद्र आहे. इथे शिकवतात. बसा.”

या मोसमात प्रशिक्षणाला एकही विद्यार्थी आलेला नव्हता. सूनबाई बसली, ती अख्खा वर्ग होऊन बसली.

तीन सकाळी ती आली. ठकू पाठीशी बांधलेली, झोपली की काम, उठली की ठकू. उस्तादांनी तिला चामड्याच्या साबणाचा फेस करायला शिकवला, फेसच लावायचा, पाणी नाही. गोल गोल हात, जोर न लावता, जसं बाळाचं डोकं धुतात तसं. हे उदाहरण उस्तादांनी दिलं आणि सूनबाईला पहिल्यांदा वाटलं की या विषयात आपल्याला थोडीफार गती आहे. फडक्यावर तपकिरी चिखल उतरत गेला. बॅगेचा निम्मा भाग झाला तेव्हा उस्तादांनी तिचा हात थांबवला.

“इथपर्यंत आलोय. अजूनही मागे जाता येईल, पॉलिश थापून देता येईल. वाईट होईल, पण वरून दिसणार नाही. पुढे गेलो तर मग मागे फिरणं नाही. बोला.”

बॅग मधोमध दुभंगल्यासारखी दिसत होती. डावीकडे सासूबाईंची अठ्ठावीस वर्षं, खडूस, तपकिरी. उजवीकडे लाल. पण आता तो सोललेल्या गुडघ्याचा लाल नव्हता. पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून उजळलेला. सूनबाईला कळत होतं की शहाण्या माणसाने या क्षणी काय म्हणायचं असतं. रविवार तीन दिवसांवर होता. तिने पुन्हा एकदा लाल बाजूवरून बोट फिरवलं. आणि तिला ती बॅग हवीशी वाटली. सासूबाईंची म्हणून नव्हे, जपायची म्हणूनही नव्हे, नुसतीच हवीशी, लहान मुलीला वाटते तशी.

“पुढे,” ती म्हणाली.

मग मलम, मग घोड्याच्या केसांचा ब्रश, मग पट्टा. पट्ट्याची शिवण म्हणजे एक दोरा आणि दोन सुया. एक सुई इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे, एकाच भोकातून. एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहतो. “घरातही असंच असतं,” उस्ताद म्हणाले. आपण काहीतरी मोठं बोलून गेलो असं त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यानंतर बराच वेळ ते खोकत राहिले.

शनिवारी केंद्र अर्धा दिवस. साडेबाराला काम पुरं झालं, आणि एकच्या ठोक्याला खिडकी बंद होणार. सूनबाई बॅग घेऊन खिडकीशी पोचली. गृहस्थांनी फॉर्म काढला, बॅग पाहिली, पुन्हा फॉर्म पाहिला.

“ही तुमची नव्हे.”

“अहो, माझीच. म्हणजे सासूबाईंची.”

“इथे मूळ रंग तपकिरी लिहिलाय, तुमच्याच अक्षरात. ही लाल आहे. रंग बदलला असेल तर रंगबदलाचा दाखला लागेल, उस्तादांच्या सहीचा.”

आतून उस्तादांचा आवाज आला, “रंग बदललेलाच नाही! होता तो परत आलाय! दाखला कसला देऊ?”

“मग फॉर्म दुरुस्त करते मी,” सूनबाई म्हणाली.

“शिक्का पडल्यावर दुरुस्ती नाही. सोमवारी या, वरच्या साहेबांना विचारू.”

पावणेएक वाजला होता. ठकू जागी झाली होती आणि शिक्क्याकडे टक लावून बघत होती. गृहस्थांनी शिक्का हळूच ड्रॉवरमध्ये टाकला. आणि सूनबाईच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं.

“साहेब, आठ महिन्यांत मी कुणाशी पुरं वाक्य बोललेली नाही. आज बोलते, तेवढं ऐकून घ्या. ही बॅग तीन दिवस मी माझ्या हाताने घासलीय. हिच्या पट्ट्याला अठ्ठेचाळीस टाके आहेत, मीच घातलेले. त्यातले पहिले अकरा वाकडे आहेत, कारण पाठीवर ही शिंकत होती. बाराव्याला ही झोपली, म्हणून बारावा सरळ आहे. घ्या, मोजा. चुकलं तर बॅग ठेवून घ्या.”

गृहस्थांनी बॅग ओढून घेतली. चष्मा लावला. पेनाच्या टोकाने एकेक टाका मोजला. ठकूही पेनाच्या टोकाकडे बघत होती.

“बारावा सरळ आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि फॉर्मच्या तळाशी, सोळाव्या रकान्याखाली, दोन रेघा ओढून सतरावा रकाना आखला. त्यात काय लिहिलं ते त्यांनी सूनबाईला दाखवलं नाही. एकाला तीन मिनिटं कमी असताना खिडकी बंद झाली.

रविवारी सासूबाई आणि सासरे आले. सूनबाईने बॅग टेबलाच्या मधोमध ठेवली होती. लपवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं. काल खिडकीपाशी आलेली वाक्यं आज कुठे गेली कोण जाणे.

“अरे वा, नवी बॅग!” सासरे म्हणाले. “लाल! झकास!”

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. चपला काढायच्या राहिल्या. मग त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि त्यांनी खटका लावला. टक्. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सूनबाईच्या कुठल्याच तयारीत नव्हता.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणाला... कुणालाच नाही, आई. मी वाइपने पुसली, मग ते रंग... आई, माझं चुकलं, मी तुम्हाला विचारायला...”

“हिला?” म्हणजे नणंदेला.

“मागच्या बाजूचा फोटो पाठवला. तपकिरी होती तेव्हाचा.”

“बरं केलंस,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणूनच तुला दिली होती. तिला दिली असती तर गावभर झालं असतं.”

“आई, म्हणजे ते पॉलिश...”

“मीच.” सासूबाई बॅगेशी बोलत असल्यासारख्या बोलत होत्या. “पहिल्या पगाराची घेतली. लाल. खांद्याला लावून कार्यालयात गेले तर हेडक्लार्क म्हणाले, ‘चला, लाल दिवा आला!’ आठ दिवस मला सगळे लाल दिवाच म्हणत होते. जिन्यात, जेवताना, साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा. नवव्या दिवशी मी तपकिरी पॉलिशची डबी आणली. दर रविवारी एक हात. एक रविवार चुकला तर कोपऱ्यात लाल दिसायचं.”

“अठ्ठावीस वर्षं?” नवऱ्याने विचारलं.

“रविवार होते ना तेवढे.”

सासरे इतका वेळ हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. ते हसू हळूहळू उतरलं.

“थांब, थांब. दर रविवारी तू तर माझे बूट पॉलिश करायचीस.”

“तुमचे बूट हाताशी असायचे,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतीच डबी घेऊन बसले असते तर कुणी विचारलं असतं. आधी बूट, मग बॅग.”

सासऱ्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. या बुटांच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर मित्रमंडळींत मान मिरवला होता. ‘आमची बायको माझे बूट स्वतःच्या हाताने पॉलिश करते, न सांगता!’ हे ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक निरोप समारंभात सांगत. नवीन जावयालाही सांगितलं होतं, जरा दटावूनच. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले.

सासूबाईंनी बॅग उलटी केली, शिवण पाहिली, पट्टा हाताला गुंडाळून सोडला, झडपेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“नीट केलंस,” सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने आपण नेमकं काय ऐकलं हे पडताळून पाहायला वडलांकडे बघितलं. पण वडील बुटांत होते.

“आईऽऽ,” सूनबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, “मग उद्या मी हीच...”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आता ही तुला देत नाही.”

आणि त्यांनी बॅग खांद्याला लावली. घरातल्या घरात. संध्याकाळभर तशाच वावरल्या. ठकूला भरवतानाही काढली नाही.

सोमवारी सकाळी सूनबाई कामावर निघाली ती कापडी पिशवी घेऊन. पिशवीवर एका किराणा दुकानाची जाहिरात होती. हे काही तिने योजलं होतं तसं दृश्य नव्हतं. सासूबाई ठकूला बाबागाडीत घालून तिला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाल्या, लाल बॅग खांद्याला लावून. जिन्यात सर भेटले, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि “व्हिनेगर!” असं समाधानाने म्हणून ते पुढे गेले. दारात काकू होत्या. “केळी!” त्या म्हणाल्या. सूनबाईने दोघांनाही मान डोलावली. आज तिच्यात वाद घालायची ताकद होती, पण वेळ नव्हता.

गॅलरीतून सासरे ओरडले, “सूनबाई, येताना बुटाच्या पॉलिशची एक डबी आणशील का गं? तपकिरी!”

“आणते, बाबा!”

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. त्या रस्त्याच्या मधूनच चालल्या होत्या, कडेने नाही. थांब्यावर एक बाई त्यांना म्हणाल्या, “बॅग फार सुरेख आहे हो तुमची. कधी घेतली?”

“पहिल्या पगाराची,” सासूबाई म्हणाल्या.

बस आली. सूनबाई चढली, खिडकीशी जागा मिळवली आणि ठकूला शोधू लागली. आठ महिन्यांत दोघी एकमेकींपासून एका खोलीहून लांब गेल्या नव्हत्या. ठकू रडत असेल असं तिला वाटलं होतं. ठकू बाबागाडीतून सासूबाईंच्या कडेवर आली होती. तिच्याकडे बघतही नव्हती. बॅगेचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरून तोंडात घातला होता आणि नव्या फुटलेल्या दोन दातांनी तो मन लावून चावत होती. सासूबाईंना ते दिसत होतं. त्या काहीच म्हणत नव्हत्या.